मरून टीशर्टवर पांढरी छपाई, तीही मऊ

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. लालबागच्या एका गोविंदा पथकाचे ३५० टीशर्ट छापायचे आहेत. कापड ‘साठ-चाळीस’ सांगून विकलेलं, म्हणजे ६० टक्के सुती आणि ४० टक्के पॉलिएस्टर. गडद मरून, सिंगल जर्सी (टीशर्टचं नेहमीचं साधं विणलेलं कापड), १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम. छातीवर मटकीचं चिन्ह, पाठीवर पथकाचं नाव कमानदार मोठ्या अक्षरांत, पांढऱ्यात आणि पिवळ्यात. पथकाची अट एकच, छपाई हाताला लागता कामा नये, जुन्या धुतलेल्या टीशर्टसारखी हवी. तुम्ही रबर (कापडावर जाड बसणारी पाण्यातली पेस्ट) मारलं, त्याचा पुठ्ठा झाला. प्लॅस्टिसोल (उष्णतेने पिकणारी प्लॅस्टिकची शाई) मारलं, पांढरा दुसऱ्या दिवशी गुलाबी झाला. डिस्चार्ज (कापडाचाच रंग उडवणारी पेस्ट) मारलं, मळकट चट्टे उठले. हंडीला २४ दिवस आहेत आणि तुम्ही विचारताय, आता कुठली शाई आणू?

शाई सांगते, पण जरा थांबा. तिन्ही वेळा तुम्ही शाई बदललीत. कापड तेच ठेवलंत, चित्र तेच ठेवलंत, आणि खोट त्या दोन्हींत आहे.

होजिअरीचं कापड मऊ का लागतं, ते एकदा भिंगाखाली बघा. सुताचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात. कापड ओढलं की फासे सरकतात, सोडलं की परत जागेवर येतात. मऊपणा म्हणजे हे सरकणं. रबर पेस्टमध्ये टायटॅनियमची पांढरी भुकटी आणि भरपूर बाइंडर, म्हणजे चिकटवणारं द्रव्य, असतं. ते सुकलं की फाशांच्या वर सलग पापुद्रा तयार होतो आणि खालचे सगळे फासे एकमेकांना जखडून टाकतो. पापुद्रा कितीही महागाचा, कितीही ताणणारा असो, पाठभर सलग पसरला की कापड हलणार नाही. प्लॅस्टिसोलचंही तेच, फक्त तिथे पीव्हीसी आणि त्याला लवचिक ठेवणारं तेल असतं. पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगभुकटीची, पाण्यातली छपाई मऊ लागते ती कापूस रंग ‘पितो’ म्हणून, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं आहे. पिगमेंट धाग्याला रंगवत नाही, बाइंडरने चिकटतो. मात्र पेस्ट पातळ असते, ती तंतूंच्या मधे उतरते, आणि पाणी उडून गेल्यावर वर फारच थोडं उरतं. फाशांमधल्या जागा मोकळ्या राहतात. किती उरलं, कुठे उरलं, एवढाच सगळा हिशेब.

आता पॉलिएस्टर. ते पाणी पीत नाही, त्यामुळे पेस्ट त्याच्यात मुरत नाही, बाजूने सरकते. हा त्रास लहान आहे. मोठा त्रास त्याच्या रंगाचा. पॉलिएस्टर रंगवायला डिस्पर्स रंग वापरतात. दाबाच्या यंत्रात १३० अंशांच्या आसपास तापवल्यावर तंतू जरा सैल होतो आणि रंगाचे कण आत शिरतात. थंड झालं की दार बंद. तुम्ही त्याच कापडावर प्लॅस्टिसोल मारून ड्रायरमध्ये १६० अंशांवर नेलंत तेव्हा तेच दार पुन्हा उघडलं. डिस्पर्स रंगाला वाफ होऊन उडायची खोड असते, सबलिमेशनची छपाई याच खोडीवर चालते. तो उडाला आणि वर बसलेल्या पांढऱ्या थरात शिरला. त्या थरातलं तेल त्याला पुढे वाट करून देतं. म्हणून ड्रायरमधून निघताना पांढरा शुभ्र असतो, रात्रभरात गुलाबी होतो, आणि कधीकधी आठवड्याने गुलाबी होतो. मरून, लाल, नेव्ही, बाटली हिरवा, हे रंग या बाबतीत सगळ्यात बदमाश. कापड स्वस्तात रंगवलेलं असेल तर आणखीच.

हा धडा मी फुकट शिकलेले नाही. साकीनाक्याला गाळा घेतला त्याच्या दुसऱ्याच वर्षी ४०० लाल पीसी (पॉलिएस्टर-सुती) टीशर्टचं काम आलं होतं, एका कंपनीच्या वार्षिक मेळाव्याचं. गाळा केवढा, तर बारा बाय वीस. जागा नाही म्हणून ड्रायरमधून निघालेला माल पोरांनी गरम गरम थप्पी लावून पोत्यात भरला. थप्पीच्या मधल्या टीशर्टची धग रात्री अकरापर्यंत गेली नव्हती. सकाळी पोती उघडली तर वरचे आणि खालचे पांढरे, मधले सगळे बडीशेपेच्या गोळीसारखे गुलाबी. शाई एक, कापड एक, हात एक. फरक फक्त थंड व्हायला मिळालेल्या वाऱ्याचा. २५० च्या वर टीशर्ट पदरचे भरून दिले. तेव्हापासून माझ्या गाळ्यात ड्रायरपुढे दोरी बांधलेली आहे, माल आधी तिच्यावर जातो.

डिस्चार्जचंही गणित याच पॉलिएस्टरपाशी अडतं. डिस्चार्जच्या पेस्टमधलं झिंकचं औषध उष्णता आणि ओल मिळाली की सुती धाग्यावरचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग तोडतं. खाली मूळ फिक्कट कापूस उघडा पडतो आणि वर काहीच थर नसतो. शंभर टक्के सुती कापडावर याच्याइतकी मऊ छपाई दुसरी नाही. तुमच्या कापडात मात्र ६० टक्के धागा उघडा पडतो आणि पॉलिएस्टरमधला मरून बहुतेक जसाच्या तसा राहतो. दोन्ही तंतू एकाच धाग्यात पिळलेले, म्हणून डोळ्याला मळकट दिसतं. शिवाय तुम्ही लिहिलंय की डिस्चार्ज मारून आधी फ्लॅशखाली (टेबलावरच छपाई सुकवणाऱ्या हीटरखाली) सुकवलं आणि मग ड्रायरला लावलं. तिथे चूक झाली. डिस्चार्ज ओलाच ड्रायरमध्ये गेला पाहिजे. ओल उडाली की औषध अर्ध्यातच थांबतं, आणि ते जागोजागी वेगवेगळं थांबतं. तुमचे चट्टे त्याचे आहेत, मळकटपणा पॉलिएस्टरचा आहे. दोन वेगळे रोग समजा.

एक गंमत सांगते. काही स्वस्त मिश्र कापडात फक्त सुती भाग रंगवलेला असतो, पॉलिएस्टर पांढरंच सोडलेलं असतं. म्हणूनच ते जरा दाणेदार दिसतं. अशा कापडावर डिस्चार्ज चक्क सुरेख येतो. उलट ग्रे मेलांज या करड्या मिसळीच्या कापडातला काळा तंतू सूत कातायच्या आधीच रंगवलेला असतो, आणि पुष्कळदा तो सुतीही नसतो. त्याच्यावर डिस्चार्ज मारून पदरात काही पडत नाही.

म्हणून पहिलं काम, कापड काय आहे ते बघा. दुकानदाराच्या ‘साठ-चाळीस’वर मी विश्वास ठेवत नाही, त्यालाही ते मागच्याने सांगितलेलं असतं. टीशर्टच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढा, चिमट्यात धरून काडी लावा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने उडते. पॉलिएस्टर आक्रसतं, काळा धूर काढतं आणि टोकाला कडक मणी उरतो. मिश्र असेल तर राखेत मणी सापडतो. मणी मोठा म्हणजे पॉलिएस्टर जास्त, इतकंच यातून कळतं. नेमके टक्के हवे असतील तर घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आहे, प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटीची प्रयोगशाळा आहे. सुती भाग गंधकाम्लात विरघळवून उरलेलं पॉलिएस्टर तोलतात. ३५० नगांसाठी मी तिकडे जाणार नाही, ३,५०० असते तर गेले असते. ते ॲसिड गाळ्यात आणायचा उद्योग मात्र करू नका.

दुसरी परीक्षा माझ्या दृष्टीने जास्त कामाची आहे. कोऱ्या टीशर्टच्या तुकड्यावर साध्या प्लॅस्टिसोल पांढऱ्याचा चार बोटं रुंद पट्टा मारा, नेहमीसारखा १६० वर भाजा, दुसऱ्या कोऱ्या तुकड्याखाली दाबून वर दोन-तीन किलो वजन ठेवा. ड्रायरच्या डोक्यावर, ऊबदार जागी, तीन दिवस. किती गुलाबी झालं त्यावरून कापडवाल्याने कुठला रंग वापरलाय त्याचा अंदाज येतो. हे काम आज रात्रीच लावून टाका, बाकीचं वाचेपर्यंत तेवढाच वेळ वाचेल.

आता चित्र. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मऊपणाचा अर्ध्याहून जास्त भाग इथे मिळतो आणि त्याला पैसा लागत नाही.

तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात पाठीवरचं नाव जाड, भरीव अक्षरांत आहे. त्याच्यामागे पिवळी भरीव पट्टी, आणि खाली प्रायोजकाच्या नावाचा पांढरा चौकोन, आत मरून अक्षरं. तो चौकोनच एका तळहाताएवढा आहे. असा सलग भाग कुठल्याही शाईने मारला तरी पाटीच होणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चौकोन काढून प्रायोजकाचं नाव नुसत्या पांढऱ्या अक्षरांत घ्या. पिवळी पट्टी हाफटोनमध्ये, म्हणजे बारीक ठिपक्यांत, टाका. ६० टक्क्यांचा ठिपका द्या, चाळीस टक्के जागा मोकळी राहील आणि तेवढे फासे हलते राहतील. लांबून डोळ्याला पट्टी पिवळीच दिसते, फक्त जरा जुनी, विटलेली. पथकाला नेमकं तेच हवंय ना? मोठ्या अक्षरांच्या पोटात बारीक चिरा, झिजल्यासारखा पोत टाका. याला हल्ली फॅशन म्हणतात. आमच्या वेळी अशी छपाई आली की माल परत यायचा.

ठिपका इंचाला ४५ ओळींपेक्षा बारीक घेऊ नका, हाताच्या छपाईत तो भरून जातो. छपाईच्या फ्रेमची जाळी त्याच्या साडेचार ते पाच पट हवी, म्हणजे इंचाला २०० ते २३० धाग्यांची, आपल्या भाषेत ७७ टी किंवा ९० टी (सेंटिमीटरला तेवढे धागे). ठिपक्याचा कोन २२.५ अंश ठेवा, नाहीतर जाळीचे आणि ठिपक्याचे पट्टे जुळून कापडावर लाटा दिसतात.

गोविंदांच्या टीशर्टला मऊ छपाई का हवी, यावर पथकातल्या पोरांशी बोललात का? मी एकदा बोलले होते. मला वाटलं होतं, घाम येतो, टोचतं, एवढंच असेल. एक जण म्हणाला, “ताई, पाठीवर रबर असलं आणि वरून पाणी मारलं की चढताना पाय सरकतो.” त्या दिवसापासून पथकाच्या टीशर्टवर खांद्याच्या पट्ट्यात मी काहीही छापत नाही, प्रायोजक कितीही मोठा असो. तुमची कमान मानेखालून सुरू होते. ती चार बोटं खाली घ्या.

चित्र हलकं झालं, आता शाई. तुमच्यापुढे मला तीन रस्ते दिसतात, आणि मी तिन्हींचे नमुने काढले असते.

पहिला रस्ता, मरून कापड ठेवायचं आणि त्यावर फिक्कट रंग बसवायचा. यासाठी खाली ब्लॉकर लागतो. करड्या रंगाचा असतो, त्यातला कोळसा वर येणारा डिस्पर्स रंग धरून ठेवतो. तयार डबा आणा. साध्या रबरमध्ये काळा पिगमेंट कालवून घरी ब्लॉकर करणारे मी पाहिलेत. रंग करडा येतो, पण धरायचं काम तेवढं होत नाही. वर कमी तापमानावर पिकणारा प्लॅस्टिसोल घ्या, साधारण १३० अंशांवर पिकतो तो. १६० वरून १३० वर आलात की निम्मी लढाई तिथेच जिंकली. ब्लॉकर ६१ टी जाळीतून, एकच हात (शाई एकदाच ओढायची), आणि चित्रापेक्षा अर्धा मिलिमीटर आत, नाहीतर पांढऱ्याच्या कडेने करडी रेघ डोकावते. वरचा पांढरा ७७ टी मधून, त्यात त्याच कंपनीचा मऊ करणारा बेस १० टक्के. पिवळ्याखाली पांढरा घालू नका. झाकणारा पिवळा थेट ब्लॉकरवर मारा. कुठल्याही जागी दोनपेक्षा जास्त थर नकोत, हा माझा कायदा समजा.

एक सांगून ठेवते, या रस्त्याने दुधासारखा पांढरा मिळणार नाही. पातळ थर आणि शुभ्र पांढरा ही जोडी गडद पॉलिएस्टरवर जमत नाही. सायीचा रंग मिळेल. दुधाची तहान ताकावर भागवायला पथकाला आधीच तयार करा, आणि तेही नमुना हातात देऊन, फोनवर नाही. किंवा आधीच शाईत चमचाभर पिवळा टाकून क्रीमच ठरवा. क्रीम किंचित गुलाबी झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, पांढरा झाला तर गोविंदांच्या पहिल्या थरापासून शेवटच्या थरापर्यंत सगळ्यांना दिसतो.

दुसरा रस्ता, डिस्चार्जचा मळकटपणा दोष न मानता रंग म्हणून वापरायचा. तुमच्या चट्ट्यांचा फोटो बघितला. जिथे औषध नीट लागलंय तिथे जुन्या विटेसारखा गुलाबी-तांबूस रंग आलाय. त्यात थोडा गेरू पिगमेंट घातला तर मातीच्या मडक्याचा रंग होईल, आणि तुमच्या चित्रात मडकंच आहे! छातीवरची मटकी अशी काढा. हाताला काहीही लागणार नाही. पेस्ट कालवल्यापासून सहा-आठ तासांत संपवा, नंतर तिच्यात जीव उरत नाही. औषध ६ टक्क्यांपुढे नेऊ नका, पॉलिएस्टरवर त्याने जास्त काही साधत नाही, वास मात्र वाढतो. या औषधातून फॉर्मल्डिहाइड सुटतं, तेव्हा पंखा बाहेर फेकणारा लावा आणि माल पथकाला द्यायच्या आधी एकदा धुऊन द्या. लहान मुलांच्या कपड्यांवर मी डिस्चार्ज करत नाही.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो आणि गिऱ्हाईक सगळ्यात कमी ऐकतं. रंग उलटे करा. कापड हळदी किंवा केशरी घ्या, छपाई मरून. फिक्कट कापडावर गडद पिगमेंट पाण्यातल्या पेस्टने मारला की खाली झाकायला काही लागत नाही, कापडाचा रंग थोडा वर आला तरी मरूनमध्ये दिसत नाही. एक थर, एक फ्लॅश, स्वस्त, मऊ. पांढरं कापड मात्र सुचवू नका. ओलं झालं की आरपार दिसतं आणि पहिल्याच सलामीत चिखलाचं होतं.

पाण्यातली पेस्ट स्वतः बनवणार असाल तर थोडं सांगते, कारण हल्ली सगळे तयार डबे आणतात आणि आत काय आहे ते कुणाला ठाऊक नसतं. माझे वडील गिरणीत छपाई खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचं खातं पुन्हा उघडलंच नाही. मग घरातल्या पलंगाची फळी टेबल झाली. गिरणीत पिगमेंटची पेस्ट केरोसीनची बनायची. पाणी, केरोसीन आणि थोडं इमल्सिफायर जोरात घुसळलं की मलईसारखी घट्ट पेस्ट होते. भाजताना केरोसीन उडून जातं, मागे घट्टपणा देणारं काहीच उरत नाही. वडील म्हणायचे तशी मऊ छपाई मग मला कधी दिसली नाही, पण त्या खात्याच्या भिंतींनाही रॉकेलचा वास होता आणि आगीची भीती कायम. पुढे त्याची जागा ॲक्रिलिकच्या थिकनरने घेतली. तो दोन-अडीच टक्क्यांत पेस्ट घट्ट करतो, पण क्षाराला फार नाजूक असतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी घातलं की पेस्ट पातळ होते, पोरं आणखी थिकनर ओततात, आणि सुकल्यावर तोच थिकनर कडक लागतो. पेस्टला महापालिकेच्या नळाचंच पाणी घ्या. धरणाचं, गोडं असतं. माझ्या गाळ्यात त्यासाठी वेगळी कळशी भरून ठेवलेली असते आणि तिच्यात कुणी चहाचं भांडं बुडवलं तर मी ओरडते.

बाइंडर १२ ते १५ टक्के पुरे. मऊ बाइंडर मागा, पण अगदी मऊ नको, तो चिकट राहतो आणि घड्या एकमेकांना चिकटतात. मिश्र कापडासाठी कमी तापमानाचा फिक्सर (रंग पक्का धरणारं रसायन) घाला, डब्यावर लिहिलंय तेवढाच, बहुतेक २ ते ३ टक्के, आणि हातमोजे घालून. सिलिकॉनचं सॉफ्टनर ओतून मऊपणा आणायचा मोह होतो. नमुना दाखवताना तो फार छान लागतो, दोन धुण्यांत सॉफ्टनर जातं आणि त्याच्याबरोबर घासताना रंगही जातो.

पावसाळ्याचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण हंडी श्रावणातच येते. मुंबईच्या दमट हवेत फ्रेमच्या जाळीवरचं, उजेडाने पक्कं होणारं कोटिंग वरून सुकल्यासारखं वाटतं, आतून ओलं असतं. ओल्या कोटिंगवर कितीही उजेड द्या, ते नीट पकत नाही, आणि पाण्यातल्या पेस्टने पंधराव्या टीशर्टला कडा सुटायला लागतात. लोखंडी कपाटात १०० वॉटचा बल्ब आणि एक छोटा पंखा लावून मी फ्रेम रात्रभर त्यात ठेवते. कपाट बंद, उजेड पिवळाच. पाण्यातल्या शाईला टिकणारं कोटिंग मागून घ्या, प्लॅस्टिसोलचं नको. छापताना मात्र डोक्यावरचा पंखा बंद. पेस्ट जाळीत सुकली की बारीक ठिपके आधी मरतात. कारागीर कुरकुरतात, त्यांना ताक पाजा. प्रत्येक हातानंतर पेस्ट जाळीवर परत ओढून ठेवायची, जाळी उघडी सोडायची नाही.

शाई ओढायच्या स्क्वीजीची रबर पट्टी कडक, ७० ते ७५ कडकपणाची, आणि धार नवी हवी. बोथट पट्टी शाई ओतते. आपल्याकडे टेबलावर दोन हात मारायची सवय आहे, दुसरा हात म्हणजे नुसता जाडपणा. एका हातात भरत नसेल तर जाळी सैल आहे किंवा पेस्ट घट्ट आहे, ते दुरुस्त करा.

भाजणं. ड्रायरच्या डब्यावर दिसणारा आकडा हवेचा असतो, शाईचा नसतो. छपाईवर तापमानाची पट्टी चिकटवून बघा, किंवा निदान तापमान मोजायच्या बंदुकीने मोजा, आणि टीशर्ट बाहेर यायच्या आत मोजा. कमी तापमानाचा प्लॅस्टिसोल १३० ला आणायचा आणि १४० च्या वर जाऊ द्यायचा नाही. ड्रायर नसेल आणि फ्यूजिंग मशीनवर (गरम प्लेटच्या प्रेसवर) पाण्यातली छपाई भाजणार असाल तर वरची प्लेट पहिलं अर्धं मिनिट टेकवू नका, नुसती जवळ धरा. वाफ निघून जाऊ दे. मग सिलिकॉन पेपर ठेवून हलक्या दाबाने टेकवा. हा हलका दाब प्लॅस्टिसोललाही शेवटी एकदा द्या, पाच-सहा सेकंद, १२० च्या आसपास. वर उभे राहिलेले कापसाचे केस खाली बसतात आणि खरखर जाते. तुम्हाला जो ‘जुना मऊपणा’ हवाय त्याचा थोडा भाग इथे फुकट मिळतो. त्यानंतर दोरी. दोरीवरून गार झाल्याशिवाय थप्पी नाही.

डीटीएफचं कुणीतरी सुचवेलच. फिल्मवर छापून डिंकाच्या भुकटीने चिकटवतात. लहान लोगोला हरकत नाही. पाठभर मारलं तर ती सरळ प्लॅस्टिकची पाटी आहे, आणि चिकटवायला गरम करावंच लागतं, म्हणजे गुलाबीचा प्रश्न परत दारात. सबलिमेशन गडद कापडावर होतच नाही.

दराचं बोलून घ्या. ब्लॉकर, कमी तापमानाची शाई, हाफटोनच्या जास्तीच्या फ्रेम, धीमा ड्रायर, या सगळ्याने नगामागे खर्च वाढतो. रबरच्या दरात हे काम घेतलंत तर शेवटच्या शंभर नगांना तुम्हीच दोन हात मारायला सांगाल.

पुढचे चार दिवस असे लावा. उद्या तिन्ही नमुने काढा, प्रत्येकी तीन नग. एक नग जसाच्या तसा वजनाखाली दाबून ठेवा. एक पाच वेळा धुवा, साध्या पावडरीने, पिळून, उन्हात नसेल तर पंख्याखाली वाळवून. तिसरा पथकातल्या एखाद्या पोराला सरावाला घालायला द्या, आणि त्याच्या पाठीवर उभं राहणाऱ्यालाही विचारा. तीन दिवसांनी तिन्ही समोर ठेवून पथकाकडून एकावर सही घ्या, कापडावरच, मार्करने. सही केलेला टीशर्ट त्यांच्याकडे ठेवू नका. शिवणीच्या आत जाळी, शाईचं प्रमाण आणि ड्रायरचं तापमान लिहून तो तुमच्या गाळ्यात टांगा.